बऱ्या भावंडाचं कार्ड

मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौसर हे तालुके ऑक्टोबर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. त्याआधी ते छिंदवाड्यात होते. कागदपत्रांसाठी भोपाळ, दवाखान्यासाठी मात्र नागपूर, हे जुनंच. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. पुढे राज्याची सीमा मध्ये आली, दवाखान्याची वाट काही बदलली नाही. त्यामुळे इकडच्या घरातलं मूल फार आजारी झालं की ‘मेडिकलला नेलं’, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, एवढंच सांगतात. कुठल्या गावच्या, हे कोणी विचारत नाही. आई मुलाजवळ राहते, बाप पैशांसाठी जा-ये करतो. बाकीची लेकरं आजीकडे, नाहीतर मामाकडे. त्या बाकीच्या लेकरांच्या नावानेही एक कार्ड निघतं. सिकलसेलचं.

हा आजार या पट्ट्यात नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. ‘आदिवासींचा आजार’ म्हणून तो एका कोपऱ्यात ढकलण्याची सोय आहे, पण विदर्भात आणि लगतच्या भागात गोंडांबरोबर महार, कुणबी, तेली घरांतही तो सापडतो. तांबड्या पेशी १२० दिवस जगायच्या, त्या दहा-वीस दिवसांत मोडतात, विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं ठणकू लागतात. ताप, कमी पाणी, दमणूक, थंडी ही निमित्तं. थंडी पडते तेव्हाच इथे आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा चालू असतो. घरातली मोठी माणसं बागेत, आणि दुखणाऱ्या पोराजवळ त्याची बहीण.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी साधी असते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन औषधाच्या द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ झालं तर पुढची तपासणी, त्यात रुग्ण कोण आणि वाहक कोण ते ठरतं. मग कार्ड मिळतं. मुलाचं आणि मुलीचं कार्ड जुळवून पाहिलं की त्यांच्या बाळांना आजाराची शक्यता किती ते कळतं. कल्पना हुशार आहे. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्या समाजाला ती समजावून सांगावी लागत नाही.

घरात एक मूल रुग्ण निघालं की भावंडांचीही तपासणी होते. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक असण्याची, एक पूर्ण सुटण्याची. पुष्कळ घरांत याचा अर्थ ‘एकाला झालं, म्हणजे आता तिघं सुटले’ असा लावतात. तसं नसतं; दर खेपेला चिठ्ठी नव्याने निघते. वाहक निघालेल्या मुलीला औषध लागत नाही, ती आजारी नसते. तरी लग्नाचं पाहताना तिचं कार्ड कपाटात तळाशी जातं. मला या कार्डाची उणीव वेगळीच वाटते. लग्नापर्यंतचं सगळं ते सांगतं, पण दहा वर्षांच्या मुलीला हवं ते काहीच नाही. हे मला लागेल का? माझ्यामुळे तर झालं नाही ना? आई परत कधी येईल?

पुढे कधी बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला, तर सगळे पुन्हा याच भावंडाकडे वळतात. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक, आणि वाहक भावंडाचंही चालतं. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते, हे खरं. पण संमतीवर सही आईबापांची असते, आणि त्या दिवसांत त्यांची दोन लेकरं एकाच वेळी ॲडमिट असतात. आजवर जिला कोणी काही विचारलं नाही, तिच्याकडे आता एकदम सगळंच मागितलं जातं.

कुटुंबाकडे पाहणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. गाडगेबाबांनी १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात धर्मशाळा बांधली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या मुलाच्या आजारानंतर सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सिकलसेलला २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जागा मिळाली, त्यामागे अशाच पालकांचा वर्षानुवर्षांचा रेटा आहे. कॅन्सरच्या मुलांना आईबापांसह मोफत राहता यावं म्हणून मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड संस्था काम करते. पण निव्वळ भावंडांसाठी? अमेरिकेत सिएटलला डॉन मेयर यांनी १९८२ च्या सुमारास ‘सिबशॉप’ सुरू केले. साधारण आठ ते तेरा वर्षांची भावंडं एकत्र जमतात, खेळतात, काहीतरी रांधून खातात, आणि खेळता खेळता आपल्यासारखंच घर असलेल्या दुसऱ्या मुलाशी बोलतात. त्याला इमारत लागत नाही, फार पैसा लागत नाही.

सौसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताच्या नाभीतलं पाणी रुग्णांना तीर्थ म्हणून देतात. ते सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि ती गोळी सोडून तिथे दिवस काढणं घातकच. पण एक गोष्ट डॉक्टरांनीही पाहावी. तिथे रुग्णाबरोबर अख्खं घर मुक्कामाला येतं, धाकटी पोरंसुद्धा. वॉर्डाच्या दारावर मात्र एका रुग्णामागे एकच नातेवाईक, आणि लहान मुलांना मनाई. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने नियम बरोबर आहे. दाराबाहेर राहिलेल्यांचं काय, ते त्यात येत नाही.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिवस असतो. त्या दिवशीच्या शिबिरात भावंडं रांगेत येतातच, बोट टोचून घ्यायला. त्याच मंडपात सतरंजी टाकून आशाताईंनी तासभर त्यांच्याशी बोलावं: हे लागत नाही, तुझ्यामुळे झालेलं नाही, दादाला ताप आला तर वाट न पाहता मोठ्यांना हाक मार, आणि त्याच्याजवळ बसायचा कंटाळा आला तर खुशाल खेळायला जा.