ताऱ्याचा उजेड किती जागेवर पसरतो?

लडाखमधल्या हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती चालवणारे खगोलशास्त्रज्ञ मात्र बंगळुरूजवळच्या होसकोटे इथे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सच्या ‘क्रेस्ट’ केंद्रात बसून उपग्रहामार्फत तिला आज्ञा देतात. तिचा आरसा दोन मीटर व्यासाचा आहे. एवढा मोठा आरसा का लागतो, हे शाळेतल्या एका सूत्रातून कळतं: गोलाचं पृष्ठफळ.

तारा सगळीकडे सारखाच प्रकाश फेकतो. तो प्रकाश फुगत जाणाऱ्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो. अंतर दुप्पट झालं की पृष्ठफळ चौपट, दसपट झालं की शंभरपट. प्रकाश मात्र तेवढाच. एकेका चौरस मीटरच्या वाट्याला मग फारच थोडा येतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. दोन मीटरचा आरसा तिच्यापेक्षा सुमारे ऐंशी हजार पट प्रकाश गोळा करतो.

गोलाचं पृष्ठफळ त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या नेमकं चौपट असतं, हे आर्किमिडीजने सिद्ध केलं होतं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त तोच नियम दिला आणि चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा वापरली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांच्याच ‘गोलाध्याया’तलं विवेचन. त्यांच्याआधीचे खगोलशास्त्रज्ञ लल्लाचार्य यांनी पृष्ठफळासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी ते चूक ठरवलं, आणि गोलावर समान अंतरांनी वर्तुळं आखून, मधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळं बेरजेला घेऊन खरं उत्तर काढून दाखवलं. लल्लांची चूक आज एककांवरूनही पकडता येते: चौरस मीटरला मीटरने गुणलं तर घनमीटर येतात, आणि पृष्ठभाग कधी घनमीटरमध्ये मोजत नाहीत.

सूर्याची एकूण शक्तीही याच सूत्राने निघते. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या दर चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट पडतात. त्याला पंधरा कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने गुणायचं, की झालं.

2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या आदित्य एल-1 यानावरचा सूर्यकिरीट (सूर्याचं बाहेरचं वातावरण) पाहणारा मुख्य उपकरणसंच होसकोट्यातच जुळवला गेला. ते यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आहे. सूर्य तिथून एक टक्का जवळ, म्हणून ऊन दोन टक्के जास्त.