पोस्टकार्डाचं उत्तर

डिसेंबरात पुण्याला थंडी पडू लागली, की मला रमणबागेचं पटांगण आठवतं. शाली पांघरून, थर्मासमधला चहा वाटून घेत आम्ही तिथं किती रात्री जागवल्या! ‘यंदा सवाईला येणार ना?’ असं आम्ही एकमेकांना विचारायचो. हे ‘सवाई’ म्हणजे कोण, हा विचार मात्र फार उशिरा मनात आला.

भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणं शिकायचं म्हणून घरातून पळाले. गुरूच्या शोधात पार जालंधरपर्यंत जाऊन आले, आणि १९३६ मध्ये गुरू भेटले ते घराजवळच, हुबळीशेजारच्या कुंदगोळला. सवाई गंधर्वांच्या घरी त्यांनी पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि गाणं मिळवलं. १९५२ मध्ये गुरू गेले. पुढच्याच वर्षी शिष्यानं त्यांच्या नावानं उत्सव सुरू केला आणि पुढं अनेक दशकं तो निगुतीनं सांभाळला. आज ज्यांनी सवाई गंधर्वांचं गाणं कधी ऐकलेलं नाही, त्यांच्याही तोंडी ते नाव आहे.

माझी गोष्ट अगदी उलटी आहे.

आमच्या तालुक्याच्या शाळेतलं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. किल्ली मराठीच्या सरांच्या खिशात. मी आठवीत असताना एका शनिवारी त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. ‘पुस्तक फाटलं तर चिकटवायचं,’ एवढंच म्हणाले. दोन वर्षांत कपाट संपलं, तेव्हा घरची पुस्तकं आणून देऊ लागले. निबंधात मी पहाट ‘सोनेरी’ लिहिली, की समासात पेन्सिलीनं विचारायचे, ‘तू पाहिलीस का?’

पुढं पुण्यात आलो. एका दिवाळी अंकात पहिली कथा छापून आली. तिच्यात एक मास्तर होते: फाटकी छत्री, नाकातलं बोलणं, महिनाअखेरची उसनवारी. लोक पोटभर हसले. अंक गावात पोचला तेव्हा छत्री कोणाची, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी असणार. पाहतो तर शुद्धलेखनाच्या तीन चुका, पानांच्या आकड्यांसकट! खाली दोन ओळी: ‘उसनवारीचा परिच्छेद जमला आहे. छत्री दोनदा आली, एकदा पुरे.’

मी उत्तर लिहिलं नाही. आधी लाज वाटली, मग त्या लाजेचीही सवय झाली. सर गेल्याचं कळलं ते एसटी स्टँडवर, एका वर्गमित्राकडून, तेही वर्षभरानं.

कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या तीन चुका दुरुस्त केल्या, एक छत्री काढली. कथाच गाळावी असं फार वाटत होतं. पण उसनवारीचा परिच्छेद सरांना आवडला होता. ठेवली.