तारण : गहाणखतातले आणि शुभवर्तमानातले

नाताळ जवळ आला की मराठी ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनांतून व गीतांतून ‘तारण’ आणि ‘तारणारा’ हे शब्द वारंवार कानी पडू लागतात. आपल्या घरांत मात्र ‘तारण’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पतपेढी, सोन्याच्या पाटल्या, नाहीतर सात-बाऱ्यावरचा बोजा. भवसागर तारून नेणारा पांडुरंग आपल्या नित्य स्मरणातला असल्याने, ख्रिस्ती तारण म्हणजे आपला मोक्षच, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे सोयीचे असले तरी बरोबर नाही. गंमत अशी की, त्या शब्दाच्या मर्मापाशी वेदान्तापेक्षा ते गहाणखतच आपणांस लवकर नेऊन पोचविते.

बायबलच्या जुन्या करारात रूथ नावाच्या विधवेचे एक छोटेसे पुस्तक आहे. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाब देशी गेलेल्या नामीचा पती व दोन्ही पुत्र तेथेच वारले. ती परतली ती रित्या हाताने. सोबत केवळ परदेशी सून रूथ. इस्राएल लोकांत असा नियम होता की, दारिद्र्यापायी कोणी वडिलार्जित जमीन विकली, तर जवळच्या भाऊबंदाने मोल देऊन ती सोडवावी. कोणी परक्याचा दास झाला, तर त्यालाही सोडवावे. अशा सोडविणाऱ्या आप्तास हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणत. नामीचा सर्वांत जवळचा आप्त आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरला. (भाऊबंदकी केवळ आपल्याकडेच नांदते असे नाही!) तेव्हा बवाज नावाच्या दुसऱ्या आप्ताने वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमक्ष व्यवहार पुरा केला, खूण म्हणून पायातील जोडा काढून देण्यात आला. शेत सुटले, रूथ त्याची पत्नी झाली आणि दोन निराधार स्त्रियांना घर लाभले. दावीद राजा हा या दांपत्याचा पणतू. आणि शुभवर्तमानाप्रमाणे येशूचा जन्म झाला तो याच बेथलेहेमात, याच वंशात.

‘परमेश्वर तारतो’ असा येशू या नावाचा अर्थच आहे. त्याने आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून दिला, असे मराठी बायबल सांगते. हा शब्द हल्ली गुंडांच्या बातम्यांत वाचावा लागतो; परंतु मूळ ग्रीक शब्द दासाच्या वा बंदिवानाच्या सुटकेसाठी मोजावयाच्या मोलाचा आहे.

आपल्या मोक्षविचारात ज्ञानाने वा भक्तीने बंधन तुटते आणि जन्ममरणाची येरझार थांबते. ख्रिस्ती विचारात जन्म एकच. बंधन पापाचे, म्हणजे देवाशी तुटलेल्या नात्याचे. गहाण पडलेली पाटली स्वतःला सोडवून आणू शकत नाही. त्यासाठी घरचे कोणी माणूस जावे लागते. नाताळचा सारा अर्थ येथे आहे. मनुष्यास सोडवावयाचे तर देवाने त्याचा आप्त झाले पाहिजे, म्हणून तो मनुष्यकुळात जन्मास आला, अशी ही श्रद्धा. मग ते मोल कोणास दिले, यावर ख्रिस्ती आचार्यांनी शतकानुशतके वाद घातला. कोणी म्हणाले सैतानास. चौथ्या शतकात नाझियानझसच्या ग्रेगरीने ती कल्पनाच धिक्कारली.

महाराष्ट्रात या अर्थाची एक वास्तू उभी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगावी आणल्या. धर्मांतरावरून त्यांच्यावर कठोर टीका झाली, आजही होते. त्या संस्कृतज्ञ विदुषीने आपल्या सदनास नाव दिले ‘मुक्ती’. तेथे आलेल्या मुलींस प्रथम अन्नवस्त्र मिळाले, मग अक्षरे आणि हातास काम. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.