असाध्य रुग्ण, दया आणि वैद्यधर्म

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. वडील पक्षाघाताने नऊ महिने अंथरुणाला खिळलेले, पाठीवर शय्याव्रण, गिळणेही कठीण झालेले. बाकीचे रुग्ण गेल्यावर ते हळूच म्हणाले, ‘वैद्यराज, आता बाबांना सोडवा. तुमच्याकडे काहीतरी असेलच.’ आमच्याकडे होतेही. वत्सनाभ, कुचला ही द्रव्ये आपणा सर्वांच्या कपाटात असतात. म्हणूनच हा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ तात्त्विक नाही.

मनुष्याचा प्राण घेणे कधी धर्म्य ठरते काय? स्वसंरक्षण, युद्ध व राजदंड यांचा विचार धर्मशास्त्राने आणि कायद्याने केला आहे. वैद्यापुढील प्रश्न निराळा आहे: बरा न होणाऱ्या रुग्णाचे जीवन दयेपोटी संपवावे काय?

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी साध्यासाध्यत्व जाणूनच चिकित्सेस प्रवृत्त व्हावे असे सांगितले असून प्रत्याख्येय व्याधी वेगळे काढले आहेत. सूत्रस्थानात वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली आहे: मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथे ‘प्रकृतिस्थ’ म्हणजे मरणोन्मुख असा अर्थ परंपरेत घेतला जातो. ही उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे, तर निष्फळ चिकित्सेचा आग्रह सोडणे होय. आर्ताविषयीचे कारुण्य कायमच राहते. विमानस्थानातील शिष्योपनयनाच्या उपदेशात मात्र स्वतःच्या जिवावर बेतले तरी रुग्णाचा द्रोह करू नये, असे बजावले आहे. चिकित्सा थांबविण्यास शास्त्रात स्थान आहे, प्राण घेण्यास नाही.

कायद्याची मर्यादा

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे शुद्धीवर आल्या नाहीत. त्या कृत्रिम श्वसनयंत्रावर नव्हत्या. त्यांचे अन्न बंद करावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना त्या जगाव्यात असेच वाटत होते. त्याच निकालाने, कडक अटींवर, जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला व पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांचा निर्णय. घरी एकट्या वैद्याने उरकण्याची ही गोष्ट नव्हे. औषध देऊन मरण घडविणे आजही गुन्हाच आहे. प्रौढ रुग्णाची संमती असली तरी तो सदोष मनुष्यवध ठरतो.

एक आक्षेप

परिणाम एकच असेल तर भेद कशाला, असे कोणी विचारील. भेद आहे. उपचार थांबविल्यावर व्याधी आपल्या गतीने जातो. विष दिल्यावर वैद्यच मृत्यूचे कारण होतो. शिवाय ‘सोडवा’ म्हणणारा पुष्कळदा रुग्ण नसतो, थकलेला शुश्रूषक असतो. दीर्घकाळ वेदना भोगणाऱ्या रुग्णाने स्वतः मागणी केली तर हे उत्तर कठोर वाटते, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्या हाताने एकदा विष दिले, त्या हातचे औषध पुढचा रुग्ण निःशंकपणे कसे घेईल?

आपले कर्तव्य

त्या गृहस्थांबरोबर आम्ही घरी गेलो. वडिलांना दर दोन तासांनी कूस बदलून देणे, व्रणाची स्वच्छता, मुखशोषावर उपाय, मलावष्टंभाची काळजी एवढेच सुरू केले. वेदनांसाठी उपशामक सेवा देणाऱ्या डॉक्टरांची मदत घेतली. नळीने अन्न देण्याचा आग्रह धरला नाही. रात्रीच्या पाळ्या भावंडांत वाटल्यावर चिरंजीवांना कित्येक महिन्यांनी झोप मिळाली. ती मागणी त्यांनी पुन्हा केली नाही. तीन आठवड्यांनी वडील घरीच शांतपणे गेले.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. विषद्रव्ये कुलपात ठेवावीत, त्यांची नोंद काटेकोर असावी आणि अशी मागणी घेऊन कोणी आल्यास त्यास नुसते परत न पाठविता वैद्याची गाठ घालून द्यावी. तो विष मागत असला तरी त्याला बहुधा मदत हवी असते.