पडताळणी आणि सहमती : विकिपीडियातील एका वादाची चिकित्सा

ज्ञानकोश म्हटला की त्याचा संपादक कोण, हे आपण प्रथम पाहतो. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’तील एखादे विधान खटकले, तर जाब कोणास विचारावयाचा हे वाचकास ठाऊक होते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियाला असा प्रमुख संपादक नाही. तेथे असंख्य स्वयंसेवक, बहुधा टोपणनावाने, लिहितात, पुसतात आणि पुन्हा लिहितात. मग विधान कोणाचे टिकावे?

व्यक्तीला अधिकार नाही, म्हणून तेथे तो आधाराला दिलेला आहे. प्रत्येक विधान विश्वसनीय प्रकाशित साहित्यात पडताळून पाहता आले पाहिजे. स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडू नये. आणि प्रकाशित साहित्यात ज्या मताला जेवढे वजन, तेवढेच लेखात द्यावे. वाद उद्भवल्यास लेखाच्या चर्चापानावर सहमती शोधावयाची. ही सहमती म्हणजे मतांची मोजदाद नव्हे. युक्तिवादाचे बळ पाहावे, असा दंडक आहे. चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटविणाऱ्यास रोखले जाते. (चिवट माणसाला दुसरा दिवस मोकळा असतो, ही गोष्ट वेगळी.)

ह्या नियमांची खरी कसोटी शिकागोच्या हेमार्केट प्रकरणात लागली. १ मेच्या कामगार दिनाची पार्श्वभूमी म्हणून हे प्रकरण आपल्या वाचकांस परिचित आहे. ४ मे १८८६ च्या सभेत बॉम्ब फुटला, सात पोलीस व काही नागरिक मृत्यू पावले. आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली. उरलेल्या तिघा कैद्यांना १८९३ साली गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी मुक्त केले. फिर्यादी पक्षाने आरोपींचा बॉम्बस्फोटाशी संबंध दाखविणारा पुरावाच मांडला नाही, असे विकिपीडियातील लेख सांगत होता.

टिमोथी मेसर-क्रूस ह्या अमेरिकन इतिहासकारांनी ह्या खटल्याचा दीर्घ अभ्यास केला होता. न्यायालयाच्या नोंदींत ११८ साक्षीदारांच्या जबान्या आहेत, पुरावा मांडला गेला होता, असे दाखवून त्यांनी २००९ साली ते विधान बदलले. बदल तत्काळ उलटविण्यात आला. मूळ कागदपत्रांचा अर्थ लावणे म्हणजे स्वतःचे संशोधन. प्रकाशित ग्रंथ दाखवा, असे त्यांना सांगण्यात आले. २०११ साली त्यांचा ग्रंथ निघाला. तेव्हा उत्तर मिळाले की, एका ग्रंथाचे मत हे अल्पमत होय. बहुसंख्य ग्रंथ उलट सांगतात. २०१२ साली त्यांनी ही हकीकत एका शैक्षणिक साप्ताहिकात प्रसिद्ध केल्यावर मात्र लेखाकडे पुष्कळांचे लक्ष गेले.

आमच्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली. आरोपी दोषी होते काय, हा अन्वयार्थाचा प्रश्न आहे. अनेक कामगार-इतिहासकारांना मेसर-क्रूस यांचे निष्कर्ष मान्य नाहीत. त्यांना बहुमताच्या बरोबरीचे स्थान न देणे समर्थनीयच होते. परंतु न्यायालयात पुरावा मांडला गेला की नाही, ही नोंद पाहून ठरणारी वस्तुस्थिती आहे. तेथे ग्रंथांची संख्या मोजणे म्हणजे एकाच चुकीच्या प्रती मोजणे होय. तरीही नियम उद्या काढून टाकला, तर ज्याच्या हाती वेळ अधिक त्याचेच म्हणणे ‘इतिहास’ ठरेल, हेही विसरता येत नाही.

ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, त्यांचे काय? पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा आधाराअभावी नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यांची उणीव पारितोषिकाने भरून काढली. पण ज्या समाजांना शतकानुशतके अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांच्या पाठीशी ग्रंथांचे बहुमत कोठून येणार? २०११ साली अचल प्रभला यांनी भारत व दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी व सेपेडी भाषकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, खेळ, विधी यांसारख्या विषयांवरील लेखांना ती मुद्रणे आधार म्हणून जोडण्यात आली. ह्यावर आक्षेप आला तो जुनाच : हे स्वतःचे संशोधन होय. इंग्रजी विकिपीडियावर मौखिक साक्ष सामान्यतः आजही आधार म्हणून स्वीकारली जात नाही.