रस्त्यावरची हाक : गाडीतल्या सीबी रेडिओविषयी

ज्या घरातला कर्ता माणूस गाडी चालवून पोट भरतो, त्या घराला रात्रीच्या काळजीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. ट्रक, टँकर, टेम्पो, टूरिस्ट गाडी चालवणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. दोन-तीन तास फोन लागला नाही की अम्मी दारात येऊन उभी राहते, आणि शेवटी फोन आला की पलीकडून एवढेच ऐकू येते, "घाटात रेंज नव्हती."

फोनची अडचण केवळ रेंजची नाही. फोन ओळखीच्या माणसाला लागतो. पुढच्या वळणावर आडवा झालेला कंटेनर ज्याने नुकताच पाहिला, तो समोरून येणारा ड्रायव्हर मात्र आपल्या ओळखीचा नसतो आणि त्याचा नंबरही आपल्याकडे नसतो. नेमक्या त्याच माणसाशी, नाव-गाव न विचारता, तिथल्या तिथे बोलता यावे अशी एक सोय जगातल्या काही देशांत अनेक वर्षे वापरात आहे. तिचे नाव सिटिझन्स बँड रेडिओ, बोलीत सीबी. ही सोय काय आहे, ती कशी चालते आणि आपल्याकडे तिचा कितपत उपयोग आहे, हे या लेखात पाहू या.

सामान्य माणसाचा वायरलेस

वायरलेस म्हटले की आपल्याला पोलिसांची गाडी, बंदर नाही तर लष्कर आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, अमेरिकेत असा विचार पुढे आला की हवेतल्या लहरींचा एक लहानसा तुकडा सामान्य नागरिकांसाठीही राखून ठेवावा. अल ग्रॉस हे हातात धरायच्या वॉकीटॉकीच्या आद्य संशोधकांपैकी एक. नागरिकांसाठीचे असे सेट बनवण्यात ते अगदी आघाडीवर होते. १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा खुला झाला आणि सेट सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. सुरुवातीला २३ चॅनेल होते, १९७७ पासून ते ४० झाले.

या रेडिओला खरे दिवस दाखवले ते तेलटंचाईने. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले आणि अमेरिकेतल्या पंपांवर रांगा लागल्या. इंधन वाचवण्यासाठी १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालणारा कायदा झाला. ट्रक ड्रायव्हरची कमाई मैलांवर ठरते, त्यामुळे डिझेल महाग आणि वेग कमी असा दुहेरी मार त्यांना बसला. कोणत्या पंपावर डिझेल शिल्लक आहे, पुढे पोलीस कुठे उभे आहेत, हे ते एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी महामार्ग रोखून धरले, तेव्हाही निरोप याच रेडिओवरून फिरले.

पुढे ट्रकवाल्यांचे पाहून घरगुती मोटारवाल्यांनीही सेट बसवले. प्रत्येकाने आपले एक टोपणनाव घेतले, त्याला 'हँडल' म्हणत. अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचे हँडल 'फर्स्ट ममा' होते. लोक इतके वाढले की १९८३ मध्ये सरकारने परवान्याची अटच काढून टाकली. ब्रिटनमध्ये मात्र लोक आधी चोरून अमेरिकी सेट वापरत होते. तिथे २ नोव्हेंबर १९८१ रोजी सीबीला कायदेशीर मान्यता मिळाली.

चाळीस चॅनेल, एकच चौक

सीबीचा चॅनेल म्हणजे गावातला चौक. एक जण बोलतो आणि आसपासचे सगळे ऐकतात. माईकवरचे बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दोघे एकदम बोलले तर कुणाचेच समजत नाही.

अमेरिकेत चॅनेल १९ ट्रकवाल्यांचा आणि महामार्गाचा, तर चॅनेल ९ संकटाच्या वेळेसाठी राखलेला. १९६२ पासून तिथे रिअ‍ॅक्ट नावाची स्वयंसेवकांची संघटना आहे. तिचे लोक आपल्या घरी बसून चॅनेल ९ ऐकत राहायचे आणि कुणी मदत मागितली की पोलीस किंवा रुग्णवाहिकेला फोन करायचे. ज्याला मदत केली त्याचा चेहराही बहुतेकदा त्यांना दिसायचा नाही.

चेहरा न दिसण्याची दुसरी बाजूही होती. शिवीगाळ, खोट्या बातम्या, वर्णावरून हिणवणे, मोठमोठी यंत्रे लावून दुसऱ्याचा आवाज दाबणे हे सगळे त्या चॅनेलवर झाले. आज मोबाइलवरच्या गटांत जे दिसते, ते पन्नास वर्षांपूर्वी रेडिओवर होऊन गेले आहे. चौक सर्वांचा असला की तो स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही सर्वांचीच असते, हा धडा तिथल्या लोकांनी अनुभवाने घेतला.

सेटपेक्षा अँटेना महत्त्वाचा

सीबी सेट जुन्या कार टेपएवढा असतो आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बऱ्याच जड ट्रकांत २४ व्होल्टची वायरिंग असते. तिथे मधे कन्व्हर्टर लागतो, नाही तर सेट जळतो. वायर थेट बॅटरीकडून आणि मधे फ्यूज घालूनच घ्यायची. सेटची ताकद फक्त ४ वॅट. घरातला लहान एलईडी दिवाही याहून जास्त वीज खातो.

एवढ्या कमी ताकदीत आवाज दूर न्यायचा तर सगळी भिस्त अँटेनावर. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. उत्तम काम करणारा साधा अँटेना त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर हवा. जुन्या अमेरिकी ट्रकांवर लवलवणाऱ्या लांब काठ्या दिसतात, त्याचे कारण हेच. लहान अँटेनात तारेचे वेटोळे घालून ही लांबी भरून काढतात, पण थोडा पल्ला गमवावा लागतो.

अँटेना बसवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे पत्र्याच्या टपाचा मध्य, कारण गाडीचा पत्रा हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो. अँटेना बसवला की एका लहान मीटरने तपासणी करतात. सेटमधून निघालेली ताकद बाहेर जाते की परत सेटकडेच फिरते, हे तो मीटर दाखवतो. आकडा दीडच्या आत असला तर उत्तम, तीनच्या वर गेला तर दुरुस्ती होईपर्यंत बोलायचे नाही. अँटेना न जोडता बटण दाबणे म्हणजे सेटचे नुकसान ओढवून घेणे.

दोन गाड्यांमधला पल्ला सपाट मुलखात साधारण ५ ते १५ किलोमीटर मिळतो. डोंगर मधे आला की तो खूप घटतो. सेटवर 'स्क्वेल्च' नावाचे एक बटण असते. ते फिरवून मागची खरखर जेमतेम थांबेल तिथे ठेवायचे. जास्त फिरवले तर खरखरीबरोबर दूरची मदतीची हाकही बंद होते.

जिथे आजही गरज आहे

मोबाइल आल्यावर अमेरिकेत सीबीची गर्दी ओसरली. ऑस्ट्रेलियात मात्र गाडीतला रेडिओ अजून रोजच्या कामाचा आहे. तिथे गावापासून गावापर्यंत शेकडो किलोमीटर मोकळा मुलूख आणि मोठ्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही. तिथला सीबी मुख्यतः ४७६-४७७ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे अँटेना लहान पुरतो आणि आवाज स्वच्छ येतो. २०११ पासून तिथे ८० चॅनेल आहेत. चॅनेल ४० महामार्गावरच्या ट्रकवाल्यांचा, चॅनेल १८ कॅरव्हान घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा, आणि ५ व ३५ हे केवळ संकटासाठी.

तिथल्या रस्त्यांवर एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या 'रोड ट्रेन' धावतात. काही ५० मीटरांहून लांब असतात. अशा गाडीला मागे टाकायचे तर मोटारवाला चॅनेल ४० वर विचारतो, ट्रकवाला पुढचा रस्ता पाहून सांगतो. पुढून अवाढव्य यंत्र घेऊन ट्रेलर येत असेल तर त्याच्या पुढची पायलट गाडी आधीच सूचना देते. अर्थात ट्रकवाल्याने "या" म्हटले तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. स्टिअरिंग ज्याच्या हातात, जबाबदारी त्याचीच. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी आतल्या भागात सहलीला निघताना पाणी, जादा टायर आणि नकाशा यांच्याबरोबर हा सेटही यादीत धरावा.

हाक कशी द्यावी

संकटात माणूस घाबरतो आणि घाबरून खूप बोलतो. रेडिओवर मोजकेच बोलावे लागते. म्हणून क्रम पाठ असावा : मी कुठे आहे, काय झाले, किती माणसे आहेत, काय हवे. "मुख्य रस्त्यापासून आत सहा किलोमीटर, गाडी उलटली, चार जण, एकाला मार, रुग्णवाहिका हवी." जागा सर्वांत आधी, कारण सेट मधेच बंद पडला तरी शोधणाऱ्याला निदान दिशा कळते. एवढे सांगून बटण सोडायचे आणि ऐकायचे. उत्तर आले नाही तर थांबून पुन्हा तेच.

रोजच्या वापराचे नियमही सोपे आहेत. चॅनेलवर कुणी बोलत असेल तर आधी ऐकावे, त्याचे संपू द्यावे, मगच बोलावे. संकटाचे बोलणे चालू असेल तर बाकी सर्वांनी गप्प राहावे. मुलांना माईक द्यावा, पण आपण कुठे राहतो, घरी कोण नाही, गाडीत किती सामान आहे, हे बोलायचे नाही हे आधी समजावून द्यावे. ऐकणारे कान किती आणि कुणाचे, हे आपल्याला दिसत नाही. आणि गर्दीच्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या हातात माईक नको. शेजारी बसलेल्याने बोलावे.

आपल्याकडे काय?

भारतातही नागरिकांसाठी असा पट्टा आहे. २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये ५ वॅटपर्यंतच्या कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे. इथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. अमेरिकी सेटचे ४० चॅनेल २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे चॅनेल २८ पासून पुढचे आपल्या पट्ट्याच्या बाहेर पडतात. परदेशातून आणलेला सेट बिनदिक्कत लावता येतो असे समजू नये. उपकरणाला केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

वॉकीटॉकीचेही तसेच. घरपोच मिळणारे कितीतरी स्वस्त सेट पोलीस, विमानतळ, अग्निशमन दल यांच्या लहरींवरही बोलू शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. निकाहाच्या वऱ्हाडासाठी किंवा सहलीसाठी हौसेने घेतलेला सेट तपासणीत सापडला तर उत्तर घेणाऱ्यालाच द्यावे लागते. विकणारा तिथे येत नाही. म्हणून बिल, मान्यतेचा क्रमांक आणि सेट कोणत्या लहरींवर चालतो याचा कागद, हे तिन्ही मिळाल्याशिवाय खरेदी करू नये.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. आपल्या महामार्गांवर सगळ्यांनी एका चॅनेलवर कान ठेवण्याची रीत नाही. तेव्हा एकट्या गाडीत सेट लावून हाक दिली तर ऐकायला कुणी असेलच असे नाही. संकटात ११२ हाच आपला क्रमांक. सीबी त्याची जागा घेऊ शकत नाही.

एकत्र निघालेल्या चार-पाच गाड्यांना मात्र मान्यताप्राप्त सेट चांगला उपयोगी पडतो. आंबोली, ताम्हिणी, माळशेज अशा घाटांत पावसाळ्यात धुके उतरते, तेव्हा पुढची गाडी दिसत नाही. एक सेट पहिल्या गाडीत आणि एक शेवटच्या गाडीत. पहिलीने सांगायचे, "वळणावर गुरे आहेत, हळू." शेवटचीने सांगायचे, "सगळ्या गाड्या मागे आहेत, निघा." सेट नसतील तरी ही पद्धत पाळता येते. थांबायच्या जागा निघण्याआधी ठरवाव्यात आणि शेवटच्या गाडीत जाणता माणूस बसवावा. पहिल्या गाडीने प्रत्येक ठरलेल्या जागी शेवटच्या गाडीची वाट पाहावी.

रेडिओ नसतानाही आपले ड्रायव्हर समोरच्याला दिवे मारून सावध करतात, रस्त्यात दगड दिसला की उतरून बाजूला करतात. अनोळखी माणसाला आधी सांगून ठेवण्याची ही सवय फार जुनी आहे, सेट फक्त तिचा पल्ला वाढवतो. पुढच्या प्रवासात रस्त्यावर काही धोका दिसला तर पुढच्या टपरीवर, पंपावर, टोलनाक्यावर थांबून तेवढे सांगून जाऊ या. मागून येणाऱ्या गाडीचीही कुठल्यातरी घरी वाट पाहिली जात असते.