लहान पक्ष, मोठी आघाडी : शेतकरी कामगार पक्षाने काय कमावले, काय गमावले?

निवडणूक जवळ आली की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांबाहेर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "छोट्या पक्षाला मत म्हणजे मत वाया." रात्री दस्तरखानावर हीच चर्चा घरात येते. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली मुलगी विचारते, "अब्बा, पाच आमदारांचा पक्ष सरकारात जाऊन करतो तरी काय?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या सांगोल्यात ते सापडते.

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजेच शेकाप, १९४७ साली स्थापन झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील आणि आपल्या सोलापूरचे तुळशीदास जाधव ही त्यातली मोठी नावे. ही सारी मंडळी काँग्रेसमध्ये घडलेली. स्वराज्य येईल, पण कुळाला आणि कष्टकऱ्याला त्यात काय मिळेल, हा त्यांचा सवाल होता. जेधे, मोरे, जाधव पुढे काँग्रेसमध्ये परतले, पण पक्ष टिकला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो समितीचा एक मुख्य घटक होता. नावात 'कामगार' असला तरी त्याची मुळे खेड्यात होती. सोलापूर शहरातला गिरणी कामगार लाल बावट्याबरोबर गेला, तो कम्युनिस्टांच्या. शेकाप रुजला तो सांगोल्याच्या माळावर आणि रायगडच्या भातखाचरांत.

पहिली सत्ता : पुलोद

१९७८ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापचे १३ आमदार निवडून आले. कोणत्याच पक्षाला बहुमत नव्हते. आधी दोन्ही काँग्रेसचे सरकार आले आणि जुलैत ते पडले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष, पवारांचा गट, शेकाप आणि इतर मिळून झालेल्या या आघाडीचे नाव पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद. शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुखही मंत्री झाले.

हे सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने बरखास्त केले. जेमतेम दीड वर्षाची सत्ता! पण याच काळात, २६ जानेवारी १९७९ पासून, महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण माणसाला काम देणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली.

याचे मोल आजी-आजोबांना विचारा. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा काम मिळणे हा सरकारचा उपकार होता, आता तो हक्क झाला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी असा कायदा झाला, त्याआधी महाराष्ट्राने वाट दाखवली होती. यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ तिथे आहे.

मग श्रेय कोणाचे? योजनेची कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची. कायदा मंजूर झाला १९७७ मध्ये, काँग्रेसच्याच राजवटीत. अंमल आला पुलोदच्या काळात. म्हणून शेकापने एकट्याने हे केले, असे म्हणणे खोटे ठरेल. आघाडीत काम सर्वांचे असते आणि श्रेय बहुधा मोठ्याच्या पदरात पडते. लहान पक्षाचे पहिले नुकसान इथेच होते.

दुसरी सत्ता : पाच आमदारांचे वजन

१९९९ चे गणित मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे असे आहे. विधानसभेत २८८ जागा, बहुमताला हवेत १४५. काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ मिळून होतात १३३. बारा कमी. अशा वेळी शेकापच्या पाच आमदारांना वजन आले. विलासराव देशमुखांच्या सरकारात गणपतराव पुन्हा मंत्री झाले, अलिबागच्या मीनाक्षी पाटील राज्यमंत्री झाल्या.

पण ज्या राष्ट्रवादीबरोबर मुंबईत एका टेबलावर बसायचे, तिच्याशीच रायगडमध्ये रोजची लढत होती. जिल्हा परिषदेच्या सत्तेवरून वाद पेटला आणि २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढला. सरकार पडते की काय, अशी वेळ आली. जूनमध्ये विश्वासदर्शक ठराव झाला आणि सरकार तरले. शेकाप मात्र बाहेर पडला तो पडलाच. पुढच्या, २००४ च्या निवडणुकीत त्याचे दोनच आमदार आले.

आघाडीतला लहान पक्ष मंत्रालयात कमी आणि जिल्ह्यात जास्त झिजतो. मोठ्या मित्राला तोच मतदार हवा असतो. तीच जिल्हा परिषद, तीच बाजार समिती, तीच दूध संस्था हवी असते. वरचा मित्र खाली प्रतिस्पर्धी असतो. २०२४ मध्येही हेच दिसले. शेकाप महाविकास आघाडीबरोबर होता, तरी सांगोल्यात उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने आपला उमेदवार दिला. निवडून आले ते शेकापचे बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू. राज्यभरात पक्षाची ती एकमेव जागा.

मग सांगोला का टिकला?

गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. जुलै २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक कारकिर्दीत पक्ष विरोधात होता, मंत्रिपद थोडीच वर्षे. तरीही दुष्काळी तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. सुताच्या भावावर ज्यांची चूल चालते, त्या एमआयडीसीतल्या घरांना हे काम किती अवघड ते सांगायला नको. लोकांनी त्यांचे मंत्रिपद मोजले नाही, त्यांचा सहवास मोजला.

तरी लोकांनी त्यांना दोनदा हरवलेही. १९९५ मध्ये ते अवघ्या १९२ मतांनी पडले. १९२ मते म्हणजे शाळेतल्या चार वर्गांचा पट! 'माझ्या एका मताने काय होते' म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या वस्त्यांतही लहान पक्ष येतात. कोणी कामगारांच्या नावाने मत मागतो, कोणी बिरादरीच्या, कोणी समाजाच्या. लहान आहे म्हणून त्याला हाकलू नये आणि आपला आहे म्हणून डोळे मिटून मतही देऊ नये. मत ही अमानत आहे. दारात आलेल्या उमेदवाराला चहा द्यावा आणि शांतपणे विचारावे : निवडून आल्यावर कोणाबरोबर बसणार? कोणत्या अटीवर बसणार? ती अट मोडली तर उठणार का? आणि सत्ता नसेल तेव्हा पाच वर्षे आमच्या गल्लीत दिसणार का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलेले बरे. मागची पाच वर्षे तो कुठे होता, हे त्यांना ठाऊक असते.